भिंतीवरील लाल पेटी

शाळा, रुग्णालय, नाट्यगृह, कचेरी अशा कोणत्याही मोठ्या इमारतीत जिन्याच्या तोंडाशी किंवा बाहेर पडण्याच्या दाराजवळ तळहाताएवढी एक लाल पेटी भिंतीवर बसविलेली आढळते. तिच्या दर्शनी भागावर काचेचे लहानसे तावदान असते आणि आग लागल्यास ते फोडावे, अशी सूचना तेथे लिहिलेली असते. रोज शेकडो माणसे तिच्या जवळून ये-जा करतात. परंतु तिच्याकडे क्वचितच कोणी निरखून पाहतो. कित्येकदा इमारतीच्या साऱ्या आयुष्यात तिचा खरा उपयोग करण्याचा प्रसंग एकदाही येत नाही, आणि आला तर तो अवघ्या एका क्षणाचा असतो. इंग्रजीतून आलेले तिचे रूढ नाव ‘मॅन्युअल कॉल पॉइंट’ असे आहे. अग्निशामक दलाच्या भाषेत आगीच्या खबरीला ‘वर्दी’ म्हणतात. तेव्हा मराठीत तिला आगीच्या वर्दीची पेटी म्हणता येईल.

धूर किंवा उष्णता ओळखून आपोआप गजर करणारी यंत्रे आता अनेक इमारतींच्या छताला लावलेली असतात. मग हाताने चालविण्याच्या या पेटीची गरज ती काय, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु छतावरील यंत्राला धूर तेथवर पोहोचेपर्यंत थांबावे लागते. माणसाचे तसे नाही. कपाटामागे उडालेली ठिणगी, जळक्या तारेचा वास, दाराच्या फटीतून डोकावणारा धुराचा पट्टा यांवरून तो क्षणात काय ते समजतो. उणीव एवढीच, की त्याला समजलेले त्याच्यापाशीच राहते. त्याने कितीही मोठ्याने आरोळी ठोकली, तरी ती चार मजले आणि बंद दारे ओलांडून जात नाही. एकाला कळलेली गोष्ट त्याच क्षणी सर्वांना कळविणे, एवढेच या पेटीचे काम आहे.

हे काम ती कसे करते, हे पाहण्यासारखे आहे. पेटीच्या आत विजेचे एक लहान बटण असते व त्यामागे स्प्रिंग असते. ही स्प्रिंग बटणाला सतत बाहेर ढकलू पाहते. परंतु समोरचे काचेचे तावदान त्याला आत दाबून धरते. म्हणजे एरवी बटण दाबण्यासाठी बोट लागते, तर येथे ते काचेने आधीच दाबलेले असते. काच फुटली की दाब नाहीसा होतो, बटण पुढे येते आणि गजर सुरू होतो. घाबरलेल्या माणसाला काहीही फिरवावे, ओढावे किंवा धरून ठेवावे लागत नाही. काचेवर बहुधा एक पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटविलेला असतो. त्यामुळे तुकडे उडत नाहीत व बोट कापत नाही.

पेटीतून निघालेल्या दोन तारा इमारतीच्या नियंत्रण फलकापर्यंत गेलेल्या असतात. पेटी वर्षानुवर्षे स्वस्थ असली, तरी या तारांतून विजेचा एक अगदी मंद प्रवाह अखंड वाहत असतो. कारण त्यांच्या शेवटच्या टोकाला एक विद्युत्‌रोधक जोडून मंडल पूर्ण केलेले असते. या प्रवाहामुळे फलकाला तारांची प्रकृती कळत राहते. उंदराने तार कुरतडली, तर प्रवाह थांबतो आणि फलक ‘बिघाड’ दाखवितो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर प्रवाह एकदम फार वाढतो. तोही बिघाडच समजला जातो. काच फुटून बटण पुढे आले, की पेटीतील दुसरा रोधक मंडलात येतो व प्रवाह एका ठराविक मर्यादेपर्यंतच वाढतो. तेवढी वाढ म्हणजे आग, अशी ही खूण ठरलेली असते. नव्या पद्धतीच्या यंत्रणेत तर प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक असतो; त्यामुळे कोणत्या मजल्यावरील कोणत्या जिन्याजवळून वर्दी आली, हे फलकावर तत्काळ वाचता येते. वीज गेल्यास यंत्रणा बंद पडू नये म्हणून फलकाला बॅटरीचा आधार असतो.

पेटीची जागाही विचारपूर्वक निवडलेली असते. ती खोलीच्या आत खोलवर न लावता बाहेर जाण्याच्या वाटेवर लावतात. कारण पळणाऱ्या माणसाला वर्दी देण्यासाठी आगीकडे परतावे लागू नये. जमिनीपासून तिची उंची साधारणतः सव्वा ते दीड मीटर ठेवतात, म्हणजे बहुतेकांचा हात तेथे सहज पोहोचतो.

असे असताना काचेचा अडसर मुळात हवाच कशाला? याचे उत्तर अमेरिकेतील बोस्टन शहराच्या इतिहासात सापडते. तेथील डॉक्टर विल्यम चॅनिंग आणि यंत्रविशारद मोझेस फार्मर या दोघांनी तारायंत्राचा उपयोग आगीच्या वर्दीसाठी करण्याची योजना आखली आणि १८५२ मध्ये ती अमलात आली. रस्तोरस्ती लोखंडी पेट्या बसविण्यात आल्या. पेटीतील दांडा फिरविला, की त्या पेटीचा क्रमांक ठोक्यांच्या रूपाने मुख्य कचेरीत उमटत असे. पेटीचा क्रमांक ५२ असेल, तर आधी पाच ठोके, मग किंचित विराम आणि नंतर दोन ठोके. योजना उत्तम होती. परंतु खोडसाळपणे कोणी खोटी वर्दी देऊ नये म्हणून या पेट्यांना कुलपे घातलेली असत व किल्ल्या पोलिसांपाशी आणि निवडक नागरिकांपाशी ठेवलेल्या असत.

९ नोव्हेंबर १८७२ रोजी संध्याकाळी त्या शहराच्या व्यापारी पेठेतील एका वखारीला आग लागली. ती पुष्कळांनी पाहिली. परंतु पेटी उघडण्याची किल्ली जवळ असलेला माणूस तेथे हवा होता. अखेर ७ वाजून २४ मिनिटांनी ५२ क्रमांकाच्या पेटीवरून पहिली वर्दी गेली, तेव्हा ज्वाळा वरच्या मजल्यांपर्यंत चढल्या होत्या. त्यातच घोड्यांमध्ये रोगाची साथ पसरली असल्याने कित्येक बंब माणसांना ओढत न्यावे लागले. या आगीत ७७६ इमारती नष्ट झाल्या. पेटीला कुलूप घालणे हा खोट्या वर्दीवरील इलाज होता खरा. परंतु तो रोगापेक्षा भारी ठरला. काचेचे तावदान हा त्याहून शहाणपणाचा मार्ग होय. ते कोणालाही फोडता येते, त्याला किल्ली लागत नाही. मात्र सहज धक्का लागून किंवा गंमत म्हणून केलेल्या स्पर्शाने गजर होत नाही, आणि कोणती पेटी फोडली गेली हे फुटलेल्या काचेवरून मागाहून समजते. हल्ली काचेऐवजी दाबताच आत सरकणारी प्लास्टिकची पट्टीही वापरतात; ती नंतर किल्लीने पूर्ववत करता येते.

एवढे केले, तरी एक अडथळा उरतोच. तो पेटीत नसतो. माणसाच्या मनात असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची आगबोट उभी होती. तिच्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्येही होती. दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजावरील लोकांना तिच्यातून धुराची रेघ निघताना दिसली. बोटीवर कोठेच धावपळ दिसत नव्हती, म्हणून त्यांनी ती गोष्ट कोणाला कळविली नाही. बोटीवरील लोकांना आगीचा पत्ता लागला तो दोनच्या सुमारास.

गोदीवरील अग्निशामक पथक आले. आग मोठी आहे हे ओळखून पथकाच्या प्रमुखाने अधिक बंब मागविण्यासाठी आपल्या सहकाऱ्याला टेलिफोन करण्यास पाठविले. टेलिफोन लागेना, तेव्हा त्याने धावत जाऊन वर्दीच्या पेटीची काच फोडली. पेटीने आपले काम चोख केले; परंतु तिला एकच वाक्य बोलता येते, ‘येथे आग लागली आहे’. आग केवढी आहे, बोटीत काय भरले आहे, हे ती कोठून सांगणार! अशा वर्दीवर नेहमीप्रमाणे दोन बंब निघाले. आणखी बंब मागाहून आले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला आणि थोड्याच वेळाने दुसरा. शेकडो माणसे मरण पावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. टेलिफोन लागला असता तर अनर्थ टळला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या दिवशी झालेल्या चुका पुष्कळ होत्या. परंतु साडेबारा ते दोन हा दीड तास कोणत्याही यंत्राच्या दोषामुळे गेला नाही, हेही खरे.

‘दुसऱ्या कोणी सांगितलेच असेल’ असे वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे. लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत बसून प्रश्नपत्रिका भरणाऱ्या माणसाच्या समोर भिंतीतील झरोक्यातून धूर सोडण्यात आला. माणूस एकटा असताना शेकडा ७५ जणांनी उठून धुराची खबर दिली. शेजारी दोन माणसे मुद्दाम निर्विकार बसविली, तेव्हा शेकडा १० जणांनीच ती दिली. बाकीचे डोळे चोळीत, खोकत, लिहीत राहिले!

मुंबईच्या त्या प्रसंगी टेलिफोन अपुरा पडला तेव्हा पेटी कामी आली. पण पेटीचा अपुरेपणा टेलिफोननेच भरून निघतो. शाळेतील किंवा कचेरीतील पेटी पुष्कळदा केवळ त्या इमारतीपुरता गजर करते. तिचा आवाज अग्निशामक दलाच्या ठाण्यात पोहोचतोच असे नाही. म्हणून काच फोडून बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ या क्रमांकावर टेलिफोन करून ठिकाण व आगीचे स्वरूप सांगावे लागते.

टेलिफोन घरोघरी आणि पुढे खिशाखिशात आल्यावर अनेक शहरांनी रस्त्यांवरील जुन्या पेट्या काढून टाकल्या. बोस्टनने त्या ठेवल्या. १८ जून २०२४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील आणीबाणीच्या टेलिफोनची यंत्रणा सुमारे दोन तास बंद पडली. त्या वेळी बोस्टनमधील नागरिकांना कळविण्यात आले, की मदत हवी असल्यास रस्त्यावरील लाल पेटीचा दांडा ओढावा.