उलटलेले दुखणे आणि घरचा आधार

मुलांच्या रक्ताचा कर्करोग बरा झाल्यावर पुन्हा का उलटतो? औषधांतून निसटलेल्या मोजक्या पेशी अस्थिमज्जेत वा मेंदूभोवतीच्या द्रवात दबा धरून राहतात व पुढे वाढतात. त्यात दोष मुलाचा नसतो, आईबापांच्या प्रार्थनेचाही नसतो. मग पुन्हा औषधे, प्रसंगी अस्थिमज्जा-रोपण. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ते १९८३ साली देशात प्रथम झाले, नऊ वर्षांच्या मुलीवर. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून कणकुंबीहून निघताना भावंडांनाही सोबत न्यावे. लहानपणापासून झुंजणारा तरुण ‘देवा, पुन्हा मीच का?’ असे विचारील, तेव्हा त्यास दटावू नये. तीही प्रार्थनाच असते. जवळ बसून ती ऐकावी.