ओरोसला प्रेस? व्हाय नॉट, बॉस!

सोमवार ते शुक्रवार टार्गेट, शनिवारी झोप आणि रविवारी ‘गावाला जाऊन काहीतरी हटके करू या’चा किडा. कुणाला होमस्टे काढायचा असतो, कुणाला कॅफे. यात एखादा वेडा असाही निघतो ज्याला चक्क पुस्तकं छापायची असतात. तीही पुण्यात नाही, सिंधुदुर्गनगरीत!

सिंधुदुर्गनगरी म्हणजे आपलं ओरोस. कणकवली आणि कुडाळच्या मधलं. 1 मे 1981ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, आणि पुढे जिल्ह्याचं मुख्यालय इथे उभं राहिलं. कलेक्टर ऑफिस, झेडपी, कोर्ट, कोकण रेल्वेचं स्टेशन. फायलींचं गाव म्हणा ना. इथे कोण कथा वाचणार, असं वाटतं खरं. पण जरा आजूबाजूला बघा.

वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याला मास्तर होते. त्यांचं लेखन सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ या छोट्याशा साप्ताहिकात यायचं. पुढे 1974चं ज्ञानपीठ. वेंगुर्ल्याच्या ‘किरात’ साप्ताहिकाने तर शंभरी पार केलीय. सावंतवाडीहून ‘नवाक्षर दर्शन’ चालवणाऱ्या प्रवीण बांदेकरांना ‘उसवण’साठी 2022चा साहित्य अकादमी मिळाला. उलट उदाहरण चिं. त्र्यं. खानोलकरांचं. कुडाळात खानावळ चालवणारा हा माणूस ‘आरती प्रभू’ म्हणून महाराष्ट्राला कळला तो मुंबईच्या ‘सत्यकथा’मुळे. कविता कुडाळची, शिक्का गिरगावचा! जवळ छापणारा कुणी असता तर? हा प्रश्न आजही तसाच आहे.

आता पैशाचं बोलू. समजा 160 पानांचा कथासंग्रह काढलात. 16 पानांचा एक फॉर्मा, म्हणजे दहा फॉर्मे. प्रती 300, किंमत 200 रुपये. सगळ्या प्रती खपल्या तरी गल्ला 60 हजार. विक्रेत्याला 40 टक्के दिले की उरले 36 हजार. त्यात कागद, छपाई, बाइंडिंग, डीटीपी, मुखपृष्ठ आणि लेखकाचं मानधन. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आहे आणि तो परत मिळत नाही. आयएसबीएन तेवढा फुकट, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून. टपालाचंही ऐका. डिसेंबर 2024मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं आणि छोट्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. 1 मे 2025ला ‘ज्ञान पोस्ट’ आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये. जीव भांड्यात पडला, पण ते शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांपुरतंच आणि बिगर-व्यावसायिक. तुमचा कथासंग्रह त्यात बसतो का, हे आधी काउंटरवर विचारा.

मग कथास्पर्धा कशाला? कारण मजकूर आपोआप चालत येत नाही. झेडपीच्या शाळेतल्या बाई, एसटीतला कंडक्टर, आंब्याचा बागायतदार हे ‘साहित्यिक’ म्हणवून घ्यायला लाजतात. ‘स्पर्धेला पाठवा’ म्हटलं की वहीचं पान फाडून तरी पाठवतात. आणि खरी गंमत तिथेच सुरू होते. निम्म्या कथा हाताने लिहिलेल्या. काही श्रीलिपीत, ज्या तुमच्या लॅपटॉपवर उघडल्या की नुसते किडे-मुंग्या. भुतं भरपूर! (कोकणातल्या स्पर्धेत एक सल्ला: वडाखालच्या बाईसाठी वेगळा गट ठेवा.) जिल्हा इतका छोटा की परीक्षकाला अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून नावं काढून, सगळं पुन्हा टाइप करून, नुसते नंबर टाकून द्यायचं. कटकट आहे, पण इथे शॉर्टकट मारलात तर पुढच्या वर्षी कथा येणार नाहीत. नुसत्या गजाली येतील.

सगळ्यात मोठी डोकेदुखी मालवणीची. कथेतली आजी म्हणते, ‘खंय जातंस रे झिला?’ प्रमाण मराठीत वाढलेला मुद्रितशोधक ते इमानदारीत ‘कुठे जातोस रे मुला?’ करून टाकतो. व्याकरण ओके, आजी गायब! बरं, मालवणी लिहायची कशी यावरही एकमत नाही. ‘खंय’ की ‘खय’? मालवणची बोली वेगळी, बांद्याकडची वेगळी. एकच नियम लावला की कुणाची तरी आजी दुखावणार. माझं मत विचाराल तर लेखकाचं लेखन तसंच ठेवा. एका कथेत एकच रूप राहील एवढं बघा, बस्स. गिरगावपर्यंत न जाता इथेच छापायचं, तर निदान इथली भाषा तरी इथे चालली पाहिजे. नाहीतर पुणे काय वाईट होतं?

गिऱ्हाईक कोण? पहिलं अर्थातच वाचनालय. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852चं, वेंगुर्ल्याचं नगर वाचनालय 1871चं. 1967च्या कायद्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गातली गावोगावची वाचनालयं वेगळीच. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे गणपतीला घरी येणारे चाकरमानी, म्हणजे तुम्हीच. म्हणून पुस्तक श्रावणात तयार हवं. दिवाळीवर ढकललंत तर दिवाळी अंकांच्या गर्दीत ते कुणाला दिसणार?

आणि हो, छापून झाल्यावर 30 दिवसांच्या आत चार प्रती बाजूला काढायच्या. 1954चा कायदाच आहे तसा. एक कोलकात्याला, एक चेन्नईला, एक दिल्लीला आणि एक मुंबईत फोर्टच्या टाउन हॉलमधल्या सेंट्रल लायब्ररीला. ओरोसच्या त्या कंडक्टरची कथा तुमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर असू शकते. एखाद्या लंच अवरला जाऊन मागून तर बघा.