आरशात दडलेलं अंगण

१९५२ च्या सुरुवातीला लंडनमध्ये हेल्मुट गर्नशाइम यांच्या हाती एक पत्र पडलं. प्रिचर्ड घराण्यातल्या एका बाईंनी कळवलं होतं की पतीच्या निधनानंतर जुन्या ट्रंकेत तुम्ही शोधताय ती वस्तू सापडली. पण चित्र पार विरून गेलंय, बघण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही. ती ट्रंक १९१७ पासून लंडनच्या एका गोदामात पडून होती.

गर्नशाइम यांनी आशा जवळजवळ सोडलेलीच होती. मूळचे जर्मन, व्यवसायाने छायाचित्रकार, आणि १९४५ पासून जुन्या फोटोंच्या नादाला लागलेले. कॅमेऱ्याने टिपलेलं, आजवर टिकलेलं पहिलं चित्र फ्रान्सच्या नीसफोर निएप्स यांनी काढलं, हे त्यांना कागदोपत्री ठाऊक होतं. मग ते चित्र गेलं कुठे?

धागा इंग्लंडमध्येच सुरू होत होता. १८२७ मध्ये निएप्स आजारी भावाला भेटायला लंडनजवळच्या क्यू इथे आले, तेव्हा काही नमुने बरोबर घेऊन आले. रॉयल सोसायटीपुढे शोध मांडायचा होता, पण कृतीचं गुपित पूर्ण फोडायची तयारी नव्हती. गुपित राखून मान्यता कोण देणार? सोसायटीने दाद दिली नाही. निएप्स परतले आणि नमुने फ्रान्सिस बाउअर या वनस्पतिचित्रकाराकडे ठेवून गेले. बाउअरने एका नमुन्याच्या पाठीवर, निसर्गातलं दृश्य कायमचं टिपण्याचा हा निएप्स यांचा पहिला यशस्वी प्रयोग, अशा अर्थाची नोंद करून ठेवली. निएप्स १८३३ मध्ये गेले. सहा वर्षांनी त्यांचे भागीदार दागेर जगप्रसिद्ध झाले. बाउअरच्या मृत्यूनंतर तो नमुना लिलावातून या हातातून त्या हातात फिरत राहिला. १८९८ च्या लंडनमधल्या एका प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला, आणि त्यानंतर त्याचा मागमूस लागला नाही. गर्नशाइम एकेका मालकाच्या वारसांपर्यंत पोचत प्रिचर्ड कुटुंबापर्यंत आले होते. वर्तमानपत्रातून आवाहनही करून झालं होतं.

फेब्रुवारीत ते बाईंच्या घरी गेले. हातात आली ती सोनेरी चौकटीतली एक जड वस्तू. चित्र कुठलं, आरसाच वाटावा! चकचकीत पत्र्यात पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसत होता. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पण गर्नशाइम ती वस्तू घेऊन खिडकीशी गेले आणि प्रकाशाला तिरकी धरून हळूहळू कलवू लागले. एका विशिष्ट कोनात पत्र्यावरची चमक मावळली आणि निएप्स यांच्या खिडकीतून दिसणारं अंगण उमटलं. डावीकडे कबुतरखाना, मधे कोठाराचं उतरतं छप्पर, झाडाच्या फांद्यांतून डोकावणारा आभाळाचा तुकडा, उजवीकडे घराची दुसरी बाजू. ब्रह्मानंद म्हणतात तो यापेक्षा फार वेगळा नसावा.

कोनाचं हे कोडं निएप्स यांच्या कृतीतच आहे. पत्रा प्यूटरचा, म्हणजे मुख्यतः कथिलाच्या मिश्रधातूचा. आकाराने साधारण १६ बाय २० सेंटिमीटर. त्याच्यावर लव्हेंडरच्या तेलात विरघळवलेल्या बिट्युमेनचा, म्हणजे डांबराच्या जातीच्या पदार्थाचा, पातळ थर. जिथे ऊन पडतं तिथे हा थर घट्ट होतो. बाकीचा नंतर तेलाच्या मिश्रणाने धुऊन निघतो. म्हणून उजळ भाग फिकट बिट्युमेनचे आणि सावल्या म्हणजे उघडा धातू. त्या धातूवर काळोख प्रतिबिंबित झाला, तरच सावली सावलीसारखी दिसते. समोरून बघितलं की नुसता आरसा.

आता फोटोचाच फोटो काढायचा होता. हॅरो इथल्या कोडॅकच्या प्रयोगशाळेने तिरका प्रकाश टाकून खटाटोप केला. प्रत निघाली, पण पत्र्याचे पोचे आणि खडबडीतपणा चित्रापेक्षा ठळक. गर्नशाइम यांना ती मुळीच पटली नाही. त्यांनी प्रत घेतली आणि जलरंगाच्या ठिपक्यांनी स्वतःच ती दुरुस्त केली. पुढची जवळपास पंचवीस वर्षं पुस्तकांतून जगाने ‘पहिला फोटो’ म्हणून पाहिला, तो हा रंगवलेला. कोडॅकची मूळ प्रत छापायला त्यांनी १९७७ पर्यंत परवानगी दिली नाही. मला हा हट्ट समजतो, पण माफ करवत नाही: डाग पुसायच्या नादात त्यांनी पुराव्यावरच हात फिरवला.

१९६३ मध्ये त्यांचा संग्रह टेक्सास विद्यापीठाने विकत घेतला. हा पत्रा मात्र गर्नशाइम यांनी दान केला. ऑस्टिनमध्ये तो प्राणवायू शिरू न देणाऱ्या पेटीत बंद आहे. या चित्राबद्दल पाठ्यपुस्तकांतून घोकलं जाणारं आठ तासांचं एक्स्पोजर हा अंदाजच. अंगणाच्या दोन्ही बाजूंना ऊन दिसतं, म्हणजे सूर्य एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे गेला असणार, हा त्यामागचा तर्क. पुढे निएप्स यांची कृती जशीच्या तशी करून पाहणाऱ्या संशोधकांच्या हिशेबात मात्र कॅमेरा खिडकीत काही दिवस उभा असावा.