एजन्सी की सलमाबाद?

बहारीनमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबाला घर आणि शाळा यांच्या खालोखाल सल्ला मिळतो तो गाडीबद्दल. गाडी घेऊन दोन-तीन वर्षे झाली की सल्लागारांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "एजन्सीशिवाय कोणाला बॉनेट उघडू देऊ नका." दुसरा म्हणतो, "पैसे वर आलेत का? सलमाबादला आमचा एक मेकॅनिक आहे, नंबर देतो." मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत हा वाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण बिघाड शोधणे हा माझाही रोजचा धंदा आहे, आणि गाडीच्या बाबतीत खरा प्रश्न बिघाड शोधण्याचाच असतो.

आधी एजन्सी म्हणजे कोण ते पाहू. इथे प्रत्येक बनावटीचा अधिकृत वितरक असतो. टोयोटाचे काम इब्राहिम खलील कानू यांच्याकडे, निस्सानचे वाय. के. अल्मोअय्यद यांच्याकडे. अरबीत याला 'वकाला' म्हणतात. आपल्या वकालतीचे हे सख्खे भावंड. वकील अशिलाच्या वतीने बोलतो, तशी एजन्सी कारखान्याच्या वतीने बोलते, आपल्या वतीने नव्हे. एवढे ध्यानात ठेवले तर बिलावरचा निम्मा राग शांत होतो. तिथले दर जास्त असतात, कारण त्यात कारखान्याने दिलेले प्रशिक्षण, खास उपकरणे, अस्सल भाग आणि थंडगार प्रतीक्षागृहातली कॉफी हे सारे धरलेले असते. २०२२ पासून त्यावर दहा टक्के व्हॅट.

सलमाबादच्या गल्ल्यांत याच्या उलट. मालक स्वतः हात काळे करतो, आपल्याशी हिंदीत बोलतो, काढलेला भाग हातात ठेवून "देखो साब" म्हणतो. हा विश्वास मोलाचा आहे. पण माणूस सज्जन असणे आणि त्याला रोग अचूक कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली मंडळी नेमकी इथे गल्लत करतात.

गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो तेव्हा संगणकाने एक कोड नोंदवलेला असतो. अमेरिकेने १९९६ च्या मॉडेलपासून ही पद्धत सर्व मोटारींना सक्तीची केली आणि पुढे ती जगभर पसरली. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्वस्तातले यंत्र लावले की कोड दिसतो. उदाहरणार्थ पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. पुष्कळ ठिकाणी यावर तात्काळ निदान होते, "कन्व्हर्टर बदला." तो भाग महागड्या भागांपैकी एक. पण एक्झॉस्टला बारीक गळती असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकीचे वाचन देत असला, तरीही हाच कोड येऊ शकतो. कोड म्हणजे ताप. तापावरून मलेरिया ठरवणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही.

याच कोडमध्ये एक उपयोगी खूण दडलेली आहे. पी०ने सुरू होणारे कोड सर्व कंपन्यांना सामाईक. त्यांची माहिती उघड आहे आणि चांगला गॅरेजवाला त्यांचा माग काढू शकतो. पी१ने सुरू होणारे कोड कंपनीचे स्वतःचे. त्यांचा अर्थ आणि तपासणीची पद्धत कारखान्याच्या कागदपत्रांत असते. पी१ दिसला, किंवा एअरबॅग, एबीएस, हायब्रिडची बॅटरी यांचा दिवा लागला, की मी निदानापुरते तरी एजन्सीत जा म्हणेन. निदानाचे पैसे वेगळे द्यावेत, अहवाल कागदावर घ्यावा, आणि दुरुस्ती कुठे करायची ते घरी बसून ठरवावे. निदान करणारा आणि भाग विकणारा एकच असला की निदान विक्रीकडे झुकते. हे एजन्सीला लागू आहे तसेच सलमाबादलाही.

आता एसी. बहारीनमध्ये ऑगस्टात एसी बंद पडणे ही गैरसोय नव्हे. मागच्या सीटवर तान्हे मूल असेल तर ते संकट आहे. "गॅस कमी झालाय, भरून देतो" हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येते. एसीचा गॅस बंद चक्रात फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो लक्षात येण्याइतका घटला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी. नायट्रोजनचा दाब देऊन किंवा चमकणारा रंग घालून गळती शोधणारा एसीवाला मिळाला तर त्याला सोडू नका, तो कोणत्याही पाटीखाली बसलेला असो. हे काम तसेच बॅटरी, ब्रेक पॅड, टायर, सस्पेन्शनचे बुश, रेडिएटरचे पाइप ही कामे स्वतंत्र गॅरेजमध्ये उत्तम होतात. इथल्या उष्णतेत बॅटरी आणि रबर यांचे आयुष्य तसेही थोडे, मग दरवेळी एजन्सीचा दर कशाला? अपवाद सीव्हीटी गिअरबॉक्सचा. त्यात कंपनीने सांगितलेलेच तेल हवे. चुकीच्या तेलाने अख्खा गिअरबॉक्स जातो.

भाग घेताना दुकानदार विचारतो, "अस्ली की तिजारी?" अस्ली म्हणजे आपले अस्सल, कंपनीच्या खोक्यातले, तिजारी म्हणजे इतर उत्पादकाचे. तिजारी वाईटच असते असे नाही. कित्येकदा कंपनीला भाग पुरवणारा कारखानाच तो स्वतःच्या नावाने विकतो. भीती नकलीची: अस्ली खोक्यात भरलेल्या तिसऱ्याच मालाची. ब्रेकच्या बाबतीत भाग पक्क्या दुकानातून स्वतः पावतीसह आणावा आणि मेकॅनिकला फक्त मजुरी द्यावी.

स्वतंत्र गॅरेजला माहिती आणि भाग मिळत नाहीत, यात नेहमी गॅरेजचा दोष नसतो. भारतातच पाहा. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने टाटा, महिंद्र, मारुती यांच्यासह चौदा मोटार कंपन्यांना एकूण २५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. कारण हेच: अस्सल भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे. पुढे अपिले झाली, पण दुखणे कुठे आहे ते अधिकृतपणे नोंदले गेले. अमेरिकेत वॉरंटी टिकवण्यासाठी एजन्सीतच सर्व्हिसिंग करा अशी अट १९७५ च्या कायद्याने घालता येत नाही. न्यू जर्सीतला मेव्हणा फोनवर ते ठासून सांगेल. त्याचे तिथे बरोबर आहे. इथे आपल्या वॉरंटीच्या पुस्तिकेत काय छापले आहे ते वाचावे, आणि वॉरंटी असेपर्यंत एजन्सीची पावती सोडू नये. विम्याच्या पॉलिसीत अपघातानंतरची दुरुस्ती एजन्सीत की विमा कंपनीच्या गॅरेजात, तेही पाहून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट चहाच्या रांगेत कोणीच बोलत नाही, ती रिकॉलची. टाकाटा या जपानी कंपनीचे एअरबॅग टोयोटा, होंडा, निस्सान, बीएमडब्ल्यू अशा कित्येक गाड्यांत होते. त्यातले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडते, आणि अपघातात बॅग उघडताना धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर उडतात. जगभरात यात माणसे मेली, कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, कंपनी २०१७ साली दिवाळखोरीत गेली. उष्णता आणि दमटपणा, म्हणजे आपल्या दारातली हवा. रिकॉलचे काम एजन्सी फुकट करते, गाडी आजवर कुठेही दुरुस्त झालेली असो.

पण निरोप जातो तो नोंदीतल्या मालकाला. आपल्यातले बरेच जण गाडी घेतात ती परत भारतात निघालेल्या एखाद्या कुटुंबाकडून. एजन्सीच्या वहीत नंबर त्यांचाच असतो, आणि तो सिमकार्डासकट बंद झालेला असतो. नवा मालक पहिल्या दिवसापासून सलमाबादला जाणारा असेल, तर ही बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वाटच उरत नाही. म्हणून वापरलेली जपानी गाडी घेतलीत तर चॅसिस नंबर घेऊन एकदा एजन्सीच्या सर्व्हिस काउंटरवर जा, रिकॉल बाकी आहे का विचारा आणि आपला फोन नंबर त्यांच्याकडे लिहवून या. तेल मग कुठेही बदला.