सिथौलीची स्प्रिंग

ग्वाल्हेरहून झाशीकडे निघालं की सिथौली स्टेशन लागतं. ग्वाल्हेरचे खासदार माधवराव शिंदे रेल्वे राज्यमंत्री असल्याच्या सुमारास, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, इथे रेल स्प्रिंग कारखाना आकाराला आला. आज तो उत्तर मध्य रेल्वेकडे आहे. प्रवासी डब्यांखालच्या मनगटासारख्या जाड स्प्रिंगा इथे वळल्या जातात.

पोलादाचा गज आधी सोलावा लागतो. लाटलेल्या गजाच्या कातडीत बारीक चिरा असतात, शिवाय भट्टीच्या झळीने वरच्या थरातला कार्बन उडालेला असतो. पुढे सगळ्यात जास्त ताण नेमका याच थरावर येणार, तेव्हा ती साल ठेवून चालत नाही.

मग भट्टी. नऊशे अंशांच्या आसपास तापलेला गज नारिंगी होऊन बाहेर येतो, फिरत्या दांड्यावर बघता बघता गुंडाळला जातो आणि लाली उतरायच्या आत तेलात जातो. पाण्यात नाही; एवढ्या कार्बनचं पोलाद तिथे तडकण्याचीच भीती जास्त. पण तेल सावकाश निववतं, आणि साधं पोलाद अशा निवण्यात वरवरच कडक होतं, गाभा मऊ राहतो.

म्हणून ५२सीआरएमओव्ही४सारखं मिश्रपोलाद. त्यात कार्बन सुमारे अर्धा टक्का, क्रोमियम जेमतेम एक टक्का, मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.३० आणि व्हॅनेडियम ०.१ ते ०.२ टक्के. क्रोमियम आणि मॉलिब्डेनममुळे कडकपणा गाभ्यापर्यंत पोचतो. व्हॅनेडियम भट्टीत पोलादाचे कण वाढू देत नाही. कण जाड झाले की पोलाद ठिसूळ होतं. तेलानंतर चार-पाचशे अंशांवर टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, की झालं.

खरी गंमत त्यापुढची. स्प्रिंगवर पोलादी छऱ्यांचा मारा होतो. एवढ्या निगुतीने गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर हा अत्याचारच वाटतो. पण छऱ्यांनी वरचा थर कायमचा दबलेला राहतो आणि म्हणून भेग सहजी उघडत नाही. आयुष्य वाढवणारी ही युक्ती मिश्रणाइतकीच मोलाची आहे, तिचं नाव मात्र ग्रेडच्या यादीत नसतं.

शेवटी स्प्रिंग वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत पुन्हापुन्हा दाबतात. बसायचं असेल तर इथेच बसू दे. मग ठरलेल्या भाराखाली उंची मोजून गट पाडतात. एका बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, वेगळ्या गटांची सरमिसळ चालत नाही, नाहीतर डबा एका अंगाला कलतो.