गुडघ्याखालची बाहेरची शीर

नवीन जालन्यात माझं छोटं फिजिओथेरपी केंद्र आहे. खुरपणीचा हंगाम जोरात असला की आसपासच्या खेड्यांतून बायका येतात. "ताई, पाऊल वर उचलतच नाही, चप्पल फटफट वाजते." बहुतेकींच्या पिशवीत कमरेचा एमआरआय असतो. पन्नाशीच्या कष्टकरी बाईच्या कमरेत एखादी गादी फुगलेली दिसायचीच. म्हणून फिल्म मी बाजूला ठेवते आणि आधी पाय बघते.

पायाच्या नसा कमरेच्या आणि माकडहाडाच्या वरच्या मणक्यांतून निघतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंना फिमोरल नस चालवते. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो, तो तिच्यामुळे. मागून उतरते ती सायटिक, अंगठ्याएवढी जाड. गुडघ्याच्या थोडं वर तिच्या दोन शाखा होतात. टिबियल पोटरीत खोल शिरून तळव्याकडे जाते. पेरोनियल बाहेरच्या बाजूला वळते. गुडघ्याखाली बाहेरून हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या जरा खाली ही नस हाडाला वळसा घालते. तिथे तिच्यावर कातडीपलीकडे फारसं काही नाही. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती तिथेच दाबली जाते आणि पाऊल लुळं पडतं.

पण कमरेतली पाचवी नस दबली तरीही पाऊल लुळं पडतं. शिवाय पावलाच्या वरच्या बाजूची बधिरता दोन्हींत सारखीच, त्यामुळे कापूस नि टाचणी इथे फारसं सांगत नाहीत. खरं सांगतो एक स्नायू. मी पाऊल हातात धरते आणि म्हणते, "मावशी, तळवा आतल्या बाजूला वळवा, मी अडवते." ही हालचाल टिबियल नसेची, पण तिचा उगम बराचसा त्याच पाचव्या नसेत. जोर भरपूर असेल तर दोष गुडघ्याजवळ. ढिला असेल तर कमरेत. मग कुशीवर झोपवून पाय सरळ वर उचलायला लावते. तिथेही जोर कमी भरला तर कमरेवरचा संशय पक्का. यंत्र काही लागत नाही. इतकी स्वस्त तपासणी वगळून लोक थेट फिल्म काढायला जातात, हे मला पटत नाही.

त्याच उंचवट्याखाली मी बोटांनी नस चाचपतेही. ती जाड आणि दुखरी लागली की अंगावर बधिर चट्टा शोधायचा, कारण कुष्ठरोग या नसेलाही धरतो. असं आढळलं तर व्यायाम पुढे, आधी सरकारी दवाखाना. 1982 पासून जगभर वापरात असलेली बहुऔषधी उपचारपद्धती तिथे मोफत मिळते. नस कायमची गेली असेल तर शस्त्रक्रिया आहे. गंमत म्हणजे, मघाशी पाऊल आत वळवून ज्या स्नायूची परीक्षा घेतली, त्याचीच दोरी पुढे आणून पाऊल उचलायला लावतात.

उकिडवं बसून दबलेली नस मात्र बहुधा सावरते. आतले तंतू तुटले असतील तर ते रोज साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणून वेळ महिन्यांत मोजायचा. तोवर पावलाला आधाराची पट्टी, आणि खुरपताना बुडाखाली लाकडी पाट. दोन्ही पाय लुळे पडले, जांघेत बधिरता आली किंवा लघवी अडली, तर मात्र माझ्याकडे येऊच नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.