कंपनी थांबली, बांधणारे थांबले नाहीत : बायोनिकल आणि 'मॉक'ची दुनिया

आजच्या भागात नावं बरीच आहेत आणि चालत्या लोकलमध्ये ऐकताना ती हमखास निसटतात. म्हणून हा लेखी मजकूर. वाचा, ऐका, नाहीतर दोन्ही करा.

आजचा प्रश्न साधा आहे. एखादं खेळणं कंपनीने बनवायचं बंद केलं की त्याचं काय होतं? बहुतेक वेळा ते माळ्यावर जातं आणि घर बदलताना कुणालातरी देऊन टाकलं जातं. लेगोच्या 'बायोनिकल'चं मात्र तसं झालं नाही. ही मालिका २०१६ मध्ये बंद झाली, तरी आजही जगभरात लोक त्याच तुकड्यांतून कंपनीने कधीच न काढलेली पात्रं, प्राणी आणि राक्षस उभे करतायत. हे जमतं कसं, ते आज समजून घेऊ. यात एक अडचणही आहे, आणि ती दर वर्षी थोडी मोठी होते. तिच्याकडे शेवटी येऊच.

आधी ओळख

बायोनिकल आलं २००१ मध्ये. लेगो म्हटलं की आपल्याला विटा आठवतात, पण इथे होती हातपाय असलेली पात्रं. माता नुई नावाचं बेट आणि त्यावर सहा वीर, म्हणजे 'तोआ' : आगीचा ताहू, पाण्याची गाली, हवेचा लेवा, बर्फाचा कोपाका, मातीचा ओनुआ आणि दगडाचा पोहातू. प्रत्येक जण एका गोल प्लास्टिकच्या डब्यात, तीसेक तुकड्यांच्या रूपात यायचा. चेहऱ्यावर मुखवटा असायचा, आणि गोष्टीत त्या मुखवट्यातच शक्ती होती.

या गोल डब्यामागे एक गोष्ट आहे. मालिकेच्या कल्पनेत मोठा वाटा असलेले डॅनिश कलाकार क्रिस्टियन फेबर यांना मेंदूत गाठ होती. ती कर्करोगाची नव्हती, पण औषध सतत घ्यावं लागायचं. त्यातून त्यांना सुचलं, की हे औषध म्हणजे शरीरात पाठवलेले छोटे सैनिक आहेत, जे आतून दुरुस्ती करतायत. पुढे २००८ मध्ये कथेत उलगडा झाला, की हे सगळं जग खरं तर एका प्रचंड यंत्रमानवाचा भाग आहे! लहानपणापासून वाचत आलेल्यांची तेव्हा काय अवस्था झाली असेल, विचार करा.

लेगो कंपनी २००३-०४ च्या सुमारास मोठ्या आर्थिक संकटात होती. त्या काळात तिला तगवून धरणाऱ्या मालिकांपैकी ही एक. तरी २०१० मध्ये ती थांबवली. मग 'हिरो फॅक्टरी' आली. २०१५ मध्ये बायोनिकल परत आलं आणि २०१६ मध्ये पुन्हा बंद झालं.

मॉक म्हणजे काय?

'माय ओन क्रिएशन' या शब्दांची आद्याक्षरं घेऊन झालं 'मॉक'. सूचनापुस्तिका बाजूला ठेवायची आणि स्वतःच्या डोक्यातलं बांधायचं. खरं तर ही सवय कंपनीनेच लावली. तीन तोआंचे तुकडे एकत्र करून एक मोठा 'तोआ काइता' बांधायचा, हे सुरुवातीलाच सुचवलेलं होतं. मुलांनी ते मनावर घेतलं, एवढंच.

माझ्याकडे पहिला तोआ आला तो आतेभावाच्या जुन्या खेळण्यांच्या पिशवीतून. मुखवटा हरवलेला, एक हात गायब. इथे कुठल्या दुकानात तो तुकडा मिळणार? मग हाताशी जे होतं त्यातून चेहरा बसवला. बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होते. काहीतरी हरवलेलं असतं आणि ते विकत मिळत नाही.

जुळतं कशामुळे?

इथे खरी गंमत आहे. बायोनिकलचं शरीर लेगोच्या 'टेक्निक' पद्धतीवर उभं आहे, आणि टेक्निक आहे १९७७ पासून. गोल भोकांच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिलिमीटर. त्यात बसणाऱ्या खुंट्या, आणि अधिकचिन्हाच्या आकाराचे दांडे. हे माप बदललेलं नाही. म्हणजे आज घेतलेल्या टेक्निक गाडीतली खुंटी २००१ च्या ताहूच्या अंगात नीट बसते. मालिका संपली, पण तिचं माप चालू आहे. हे माप फक्त त्या मालिकेपुरतं असतं, तर मॉकची ही दुनिया केव्हाच आटली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे गोळा आणि खोबण. आपल्या खांद्यासारखाच हा सांधा सगळीकडे फिरतो. २००१ च्या ताहूला कोपर नव्हतं, गुडघाही वाकत नव्हता. पुढच्या वर्षांत सांधे वाढत गेले. २०११ मध्ये हिरो फॅक्टरीत वेगळी 'हाडं' आणि त्यांवर बसणारी 'कवचं' आली. पण गोळ्याचं माप तेच राहिलं, त्यामुळे जुनं-नवं जोडता येतं. फक्त जुन्या तुकड्यांवर यंत्राची नक्षी आहे आणि नवी कवचं गुळगुळीत. दोन्ही शेजारी ठेवली की ठिगळ लावल्यासारखं दिसतं. ते ठिगळ दिसू न देणं हे मॉक करणाऱ्याचं पहिलं कसब.

मोठं बांधलं की कोसळतं का?

समजा, तुम्ही दुप्पट उंचीचा राक्षस बांधला. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडीही दुप्पट, म्हणजे वजन आठपट. वर हातही दुप्पट लांब, म्हणजे खांद्यावरचा ताण सोळापटीपर्यंत जातो. पण गोळा-खोबणीचं घर्षण तेवढंच! म्हणून हात हळूहळू खाली येतो आणि राक्षस थकलेल्या हमालासारखा दिसायला लागतो.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे दोन सांधे शेजारी शेजारी लावायचे. सांधा एकाच दिशेने फिरतो, पण पकड दुप्पट होते. दुसरा, टकटक आवाज करत ठरावीक टप्प्यांवर थांबणारे सांधे वापरायचे. तिसरा माझा आवडता : आत स्क्रूसारखं आटे असलेलं वर्मगिअर बसवायचं. ते फिरवलं की दातेरी चाक फिरतं, पण चाकाने उलटा जोर लावला तर वर्मगिअर हलत नाही. हात जिथे ठेवाल तिथेच राहतो.

आणि रंग? एखादा तुकडा लाल, निळ्या, काळ्या रंगातच निघाला असेल, तर तुमचा पात्र जांभळा करायचा बेत तिथेच अडतो. मग पात्रच बदलतं. गोधडी शिवताना आजी नवं कापड आणत नाही. घरातल्या जुन्या साड्या बघून नक्षी ठरवते. मॉकचं अगदी तसंच आहे.

आता ती अडचण

गोळा खोबणीत बसतो तेव्हा खोबण किंचित ताणलेली राहते. वर्षानुवर्षं. प्लास्टिक जुनं होतं आणि एक दिवस बारीक 'टक' ऐकू येतं. २००७-०८ च्या सुमाराचे पोपटी सांधे तर यासाठी बदनामच आहेत. तुटलेला तुकडा गेला तो गेला, कारण त्याचा साचा आता चालू नाही. ब्रिकलिंकसारख्या ऑनलाइन बाजारात जुने सुटे तुकडे मिळतात, पण तो साठाही कमीच होत जाणार.

म्हणून दोन गट पडतात. एक म्हणतो, फक्त मूळ तुकडे. रंगवायचं नाही, कापायचं नाही. दुसरा म्हणतो, थ्रीडी प्रिंटर आहे ना, छापा! मला पहिल्या गटाचं म्हणणं समजतं. मर्यादा काढून टाकली तर कोडंच उरत नाही. पण मला वाटतं, मोडलेल्या सांध्याच्या जागी छापलेला सांधा चालेल, फक्त फोटोखाली तसं लिहा. आणि नाजूक तुकडे जिथे पुन्हा काढावे लागणार नाहीत, अशा जागी वापरा.

तुटेल म्हणून ते डब्यात बंद ठेवणं मात्र मला पटत नाही. २०२३ मध्ये लेगोने खरेदीवर भेट म्हणून ताहूचा छोटा संच दिला होता. तो साध्या छोट्या विटांतून बांधलेला होता. म्हणजे जुन्या पद्धतीचे ते तुकडे जिवंत ठेवायचे असतील, तर ते काम ज्यांच्या घरात ते आहेत त्यांनाच करावं लागणार.

तेव्हा या आठवड्यात माळ्यावरची एखादी पिशवी खाली काढा. बायोनिकलच हवं असं नाही. जे खेळणं अर्धं उरलंय, त्यात नसलेला भाग स्वतः बनवून बघा. पुढच्या भागात भेटू. तोवर मजेत राहा!